उपनयाची पायरी : गतीची गणितं आणि आपण

मलकापुरात बोलायला उभं राहायचं म्हणजे आम्हाला जरा अवघडल्यासारखं होतं. पन्नास वर्षं बाहेर तत्त्वज्ञान शिकवलं, पण इथल्या पहिल्या रांगेत बसलेल्या दोघातिघांनी आम्हाला शाळेत फळ्यासमोर गप्प उभं राहिलेलं पाहिलंय. त्यामुळे मोठेपणाचा आव आणायची सोय नाही. ते बरंच आहे, कारण आजचा विषय त्या गप्प उभं राहण्याचाच आहे.

विषय असा : गती, परिभ्रमण आणि तरंग यांची प्राथमिक गणितं मराठी माणूस कसा सोडवत आला आणि कुठे अडत आला. तुम्ही म्हणाल, हा भौतिकशास्त्राचा विषय, तत्त्वज्ञानवाल्यांचं इथे काय काम? तर न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथाच्या नावातच 'निसर्गाचं तत्त्वज्ञान' हे शब्द आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये 1850 च्या दशकात दादाभाई नौरोजी शिकवत ते विषय म्हणजे गणित आणि 'नॅचरल फिलॉसॉफी'. तेव्हा आम्ही परक्याच्या अंगणात शिरत नाही, जुन्या वाड्याच्या मागच्या दाराने आत येतोय एवढंच.

अकरावी-बारावीच्या मुलांशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सूत्रं सगळी पाठ आहेत, पण कुठलं कुठे लावायचं तेच कळत नाही." हे वाक्य आजचं नाही. आम्ही 1967 साली मॅट्रिक होऊन कोल्हापूरला प्री-डिग्रीला गेलो तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो. या वाक्यात नेमकं काय हरवलेलं असतं, त्याचा आज शोध घेऊ.

आधी एका शब्दाकडे बघा. गणिताच्या पुस्तकातल्या प्रश्नाला आपण 'उदाहरण' म्हणतो. "पाच उदाहरणं सोडवून आण." वास्तविक उदाहरण म्हणजे दाखला. दाखला देतात, तो सोडवतात कसा? याचं एक उत्तर न्यायशास्त्रात सापडतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाच्या पाच पायऱ्या आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचा दाखला घेऊ. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धूर असलेला आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

या पाचांत चौथी पायरी दिसायला सगळ्यात बिनमहत्त्वाची. "हाही तसाच आहे", बस्स. पण स्वयंपाकघर ओळखीचं आहे आणि डोंगर समोर आहे, त्या दोघांना जोडणारी पायरी हीच. डोंगरावर दिसतंय ते धुकं आहे की धूर, हे इथे ठरतं. आंब्याच्या बाजूला पावसाळ्यात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न किती खरा आहे ते सांगायला नको! मुलांचं जे हरवलेलं असतं ते हेच. सूत्र आहे, सोडवलेलं उदाहरण आहे, निगमनाची घाई आहे. मधला उपनय नाही.

आता इतिहास. आपल्याकडच्या गणितांच्या परंपरेचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ भास्कराचार्यांची 'लीलावती'. त्यांचा सिद्धान्तशिरोमणी 1150 चा, आणि लीलावती त्याचाच भाग मानतात. तिची रीत सरळ आहे. आधी सूत्र, लगेच त्यावर उदाहरण. त्यातला मोराचा आणि सापाचा प्रश्न अनेकांना आठवत असेल. नऊ हात उंचीचा खांब, त्याच्या बुंध्याशी सापाचं बीळ, वर मोर. साप बिळापासून सत्तावीस हातांवर असताना मोराला दिसला. साप बिळाकडे धावला, मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर भेट बिळापासून किती हातांवर झाली?

उत्तर 12 हात. पडताळून बघा : साप 27 वजा 12, म्हणजे 15 हात आला. मोराची वाट काटकोन त्रिकोणाचा कर्ण. 9 चा वर्ग 81, 12 चा वर्ग 144, बेरीज 225, तिचं मूळ 15. जमलं.

शाळेत हा प्रश्न काटकोन त्रिकोणाचा म्हणून शिकवतात. आम्ही म्हणतो तो गतीचा आहे. दोघांचा वेग सारखा धरलाय. मोर सरळ रेषेत आला असं धरलंय. मोराने साप आत्ता जिथे आहे तिथे झेप घेतली नाही, तो जिथे पोचणार तिथे घेतली असंही धरलंय. ही तीन धरणं म्हणजे उपनय. खऱ्या मोराचा खऱ्या त्रिकोणाशी संबंध जोडायचा तो इथे. त्यानंतर उरतो तो नुसता हिशेब.

याच भास्कराचार्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही इतिहास सांगत नसून आरती म्हणतोय असं होईल. सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात एका चाकाचं वर्णन आहे. त्याचे आरे पोकळ, त्यांत अर्धवट पारा भरलेला. चाक आसावर बसवलं की आपोआप फिरत राहतं, असं तिथे म्हटलंय. असं चाक फिरत राहात नाही. एका बाजूला पारा आसापासून लांब जातो हे खरं, पण पूर्ण फेऱ्याचा हिशेब केला की एका बाजूचं फिरवण्याचं बळ दुसऱ्या बाजूने फिटतं, आणि आसाचं घर्षण उरतं ते चाक थांबवतं. ज्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा इतका बारीक विचार केला, त्यांच्या ग्रंथात हे चाक आहे. हिशेबाची ताकद कमी पडली असं म्हणवत नाही. पलीकडच्या बाजूचं काय, हा प्रश्न चाकाला विचारायचा राहून गेला. मोठ्या माणसाचाही उपनय चुकू शकतो. याने मुलांना धीर यावा म्हणून सांगतोय.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपली जुनी मिळकत मोठी आहे. 'वेग' हा शब्द वैशेषिकांचा. त्यांनी संस्कार नावाचा जो गुण मानला त्याचे तीन प्रकार : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. आज पुस्तकात 'स्थितिस्थापकता' वाचता ती तिथून आली. आवाज कसा पसरतो, यावर त्यांनी 'वीचीतरंगन्याय' सांगितला. पाण्यात एक लाट पुढची लाट उठवते, तसा एक शब्द पुढचा शब्द उत्पन्न करतो. कल्पना सुंदर आहे. पण मापन नव्हतं. आवाज सेकंदाला किती जातो हे त्यांनी विचारलं नाही. शब्द आपले होते म्हणून शास्त्रही आपलं होतं, असं म्हणू नये.

मापन आणि शब्द यांची गाठ मराठीत पडली ती एकोणिसाव्या शतकात. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली 'दर्पण' काढलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. 1840 साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढून त्यात शास्त्रीय विषय मराठीत आणले, हे कमी जणांना ठाऊक. त्याच सुमाराच्या मंडळींत हरि केशवजी होते. त्यांनी पदार्थविज्ञानाचे संवाद मराठीत आणले. संवाद, हे लक्षात ठेवा. शिकणारा विचारतो, शिकवणारा सांगतो, पुन्हा शंका निघते. उपनयाला जागा असते ती अशा शंकेत.

मग आले केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. जन्म 1825, अलिबागजवळ नागावचा. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेला माणूस, म्हणजे आधी घड्याळ आणि दुर्बीण हाताळलेली, मग फळा. मराठीत अंकगणित लिहिलं, पदार्थविज्ञान लिहिलं, ग्रहांची कोष्टकं केली. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. 1884 साली ते गेले. केरूनानांच्या पिढीला मराठी शब्दच घडवावे लागत होते. शब्द घडवायचा तर वस्तू नीट बघावी लागते. त्यामुळे त्या पिढीचा उपनय भाषांतर करता करताच होत होता. नंतरच्या पिढ्यांना शब्द तयार मिळाले आणि बघण्याची सक्ती गेली, असं आमचं मत आहे.

आता गोष्ट येते रँग्लरांची. 1899 साली दापोलीकडच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्रात त्याचा केवढा अभिमान! 'रँग्लर' ही नावाआधी लावायची पदवीच झाली. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. हे विष्णुपंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, 1908 सालचे. त्यांचे चिरंजीव जयंतराव, तेही 1938 साली कोल्हापुरातच जन्मले आणि तेही केंब्रिजचे रँग्लर. जयंतरावांनी पुढे आयुष्यभर मराठीत विज्ञान लिहिलं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले.

हा शब्द आला कुठून? 'रँगल' म्हणजे वाद घालणं, हुज्जत घालणं. केंब्रिजची परीक्षा एके काळी तोंडी वादाची होती. एकाने पक्ष मांडायचा, दुसऱ्यांनी खोडायचा. म्हणजे रँग्लर हा मुळात आपल्या न्यायशास्त्रातल्या वादीचा भाऊबंद! हळूहळू तोंडी वाद मागे पडला, लेखी प्रश्नपत्रिका आली, तास मोजले जाऊ लागले, गुणांनुसार क्रम लागू लागला. नाव वादीचं राहिलं आणि काम राहिलं भराभर गणितं सोडवण्याचं.

त्या गणितांत काय असे? गती, फिरणारे घन पदार्थ, तरंग. आपल्या आजच्या विषयाचा सगळा संसार. एडवर्ड राउथ नावाचा शिक्षक 1854 चा सीनियर रँग्लर. त्या वर्षी दुसरा आला होता मॅक्सवेल! राउथने 1860 साली घन पदार्थांच्या गतिशास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि खासगी शिकवणीतून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. त्याचाच एक शिष्य रॅले, 1865 चा सीनियर रँग्लर, त्याने पुढे ध्वनीवर थोर ग्रंथ लिहिला. अशा शिकवणाऱ्याला विद्यापीठातली मुलं आपल्या बोलीत 'कोच' म्हणत, म्हणजे गाडी. मुलाला बसवून परीक्षेच्या गावाला नेऊन सोडणारी. आपल्याकडच्या कोचिंग क्लासच्या पाट्यांवरचा शब्द तो हाच.

हार्डीसारख्या गणितज्ञाने या क्रमवारीविरुद्ध आवाज उठवला आणि 1909 नंतर केंब्रिजने क्रम जाहीर करणं बंद केलं. परांजप्यांचं यश जुन्या पद्धतीतलं, आणि ते त्यांच्या बुद्धीचंच होतं. त्यात कमीपणा काढायचा नाही. मुद्दा आपला आहे. केंब्रिजने क्रम सोडला तरी आपण तो धरून ठेवला. वेग मोजायचं गणित किती वेगाने सोडवलं, यावर मुलाची किंमत ठरू लागली. उपनयाला वेळ लागतो. तो वाचवायचा तर ठरावीक नमुने पाठ करायचे, हे ओघानेच आलं.

त्यात भाषेची अडचण. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा. त्यात बलाला 'प्रेरणा', त्वरणाला 'प्रवेग', वारंवारतेला 'कंप्रता', जडत्वाला 'निरूढी'. शाळेच्या पुस्तकात बल, त्वरण, वारंवारता, जडत्व. अकरावीला गेलं की दोन्ही गेले आणि फोर्स, ॲक्सिलरेशन, फ्रीक्वेन्सी, इनर्शिया आले. एकाच वस्तूला तीन नावं. हुशार मूल म्हणेल, वस्तू बघा, नाव काहीही असो. पण वस्तू कुणी दाखवलीच नसेल तर? मग नाव हीच वस्तू होऊन बसते.

आमचं तेच झालं. कुठलं कॉलेज, कोण शिक्षक, ते सोडून द्या. वर्गात सोडवलेली गणितं इंग्रजीत सांगितली जात आणि आम्ही ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असू. परीक्षेत उतारावरचा ठोकळा जाऊन त्या जागी घरंगळणारं चाक आलं आणि आमची लेखणी थांबली. ठोकळ्याचं सूत्र चाकाला लावलं, नापास झालो आणि कलाशाखेकडे वळलो. पुढे न्यायसूत्रं वाचताना चौथ्या पायरीशी आलो तेव्हा कळलं की आपण इथे पडलो होतो. घरंगळणारं चाक 'तसंच' नव्हतं. त्याची थोडी शक्ती पुढे जाण्यात जाते आणि थोडी फिरण्यात. ठोकळा नुसता घसरतो.

आता तीन गणितं आपण मिळून करू. तिन्ही आपल्या भागातली.

पहिलं गतीचं. 1660 च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निघाले आणि विशाळगडाला पोचले. रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोचले, असं आपण ऐकत आलो. अंतर साठ किलोमीटर धरू, वेळ वीस तास धरू. सरासरी वेग ताशी 3 किलोमीटर. इथे थांबलं तर तो हिशेब झाला. पुढे विचारा : सपाटीवर धडधाकट माणूस ताशी 5 चालतो, म्हणजे बारा तास लागले असते. उरलेले आठ तास कुठे गेले? चिखलात, अंधारात, चढावर, आणि घोडखिंडीतल्या लढाईच्या छायेत. एका सरासरीच्या आकड्यात ती सगळी रात्र दडलेली आहे. गणिताने इतिहास कोरडा होत नाही, कुठे बघायचं ते कळतं.

दुसरं परिभ्रमणाचं. जात्याचा खुंटा कडेला का असतो? मधल्या खुंट्यापासून हाताचा खुंटा 10 सेंटिमीटरवर ठेवला आणि मग 20 वर ठेवला, तर दुसऱ्या वेळी निम्म्या जोरात जातं फिरतं. पण हाताला दुप्पट मोठा फेरा मारावा लागतो. कष्ट तेवढेच, जोर निम्मा. आमच्या आईला परिबल हा शब्द माहीत नव्हता, खुंट्याची जागा माहीत होती. मुलांनी सरळ गतीच्या सूत्रांचा एक तक्ता आणि फिरण्याच्या सूत्रांचा दुसरा तक्ता असे दोन तक्ते पाठ करू नयेत. बलाच्या जागी परिबल, वेगाच्या जागी कोनीय वेग, वस्तुमानाच्या जागी ते आसापासून कसं पसरलंय याचं माप. "हेही तसंच." दुसरा तक्ता हा पहिल्याचा उपनय आहे.

तिसरं तरंगाचं, आणि हे आमच्या शाळेतल्या गुरुजींनी घातलेलं. याच गणितापुढे आम्ही फळ्याशी गप्प उभे होतो. परंपरा सांगते, महाराज गडावर पोचल्याच्या तोफा ऐकल्यावर बाजीप्रभूंनी खिंडीत प्राण सोडला. गुरुजींनी विचारलं, तोफ उडाल्यावर आवाज खिंडीत यायला किती वेळ लागला? आम्ही म्हटलं, अंतर दिलेलं नाही. गुरुजी म्हणाले, "मग धर की!"

चला, धरू. अंतर 5 किलोमीटर, आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर. सुमारे 15 सेकंद. अंतर 8 धरलं तर 24. तापमान दहा अंशांनी बदललं तरी वेगात दोन टक्क्यांहून कमी फरक. म्हणजे काहीही धरा, उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आत राहतं. कुठलं धरणं महत्त्वाचं आणि कुठलं नाही, हे आकडे बदलून बघितल्याशिवाय कळत नाही. खरा अवघड प्रश्न वेळेचा नाहीच, आवाज ऐकू येईल का हा आहे. अंतर पाचपट झालं की आवाजाची तीव्रता पंचवीस भागांतला एक भाग उरते. मध्ये डोंगराचा खांदा आहे, झाडी आहे, वारा आहे. तोफेचा खर्जातला दणका तीव्र आरोळीपेक्षा लांब टिकतो, हे बाजूला धरायचं.

आणि यात एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न दडलाय. अंतर भागिले वेग हे सूत्र आपण चालणाऱ्या माणसांना लावलं, तेच आवाजाला लावलं. कुठल्या अधिकाराने? माणसं पन्हाळ्याहून विशाळगडाला गेली. गडावरची हवा काही खिंडीत आली नाही. ती जागच्या जागी हलली आणि शेजारच्या हवेला हलवून स्वस्थ झाली. मग आलं काय? हलण्याची अवस्था आली. ती सरकते, तिला अंतर आहे, तिला वेळ लागतो, म्हणून सूत्र लागतं. एवढं ज्या मुलाला पटलं त्याला तरंग समजला.

आमच्या गावाचं काय, म्हणाल. 1844 च्या उठावानंतर विशाळगड मोडला आणि प्रतिनिधींचं ठाणं मलकापुरात आलं. तेव्हापासून हे गाव वाटेवरचं आहे, कोल्हापूर-रत्नागिरीच्या. आज इथली मुलं दहावी होताच बाहेर जातात, क्लास लावतात. आईबाप शेत गहाण टाकून फी भरतात. काही मुलं परत येतात ती "मला फिजिक्स जमत नाही" असा शिक्का कपाळावर घेऊन. आमचं म्हणणं, त्यांतल्या बऱ्याच जणांना फिजिक्स जमत नाही असं नसतं. चौथी पायरी त्यांना कुणी दाखवलेली नसते. आमच्यासारखा एखादा तत्त्वज्ञानाकडे निसटतो. सगळ्यांना निसटायला वाट नसते.

म्हणून इथल्या शिक्षकांना आणि आईबापांना एकच विनंती. मुलाने गणित सोडवलं की उत्तर बरोबर आलं का, हे मागाहून विचारा. आधी विचारा, तू काय काय धरलंस? आणि हे कशासारखं आहे? उत्तराला उशीर झाला तरी चालेल.

आमच्या गुरुजींच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हाला साठ वर्षं लागली. मुलांना एक तास तरी द्या. आता शंका विचारा. चुकलं असेल तर खोडूनही काढा, वादीचं कामच ते.